शेवटची कुपी

मज्जातंतूंच्या कोवळ्या टोकांना वाट दाखवणारं प्रथिन बायकोने जिवाणूंना कामाला जुंपून बनवलं, चाळीस कुप्यांत भरलं आणि प्रयोगशाळेत गोठवून ठेवलं. कुपी एकदा वितळवली की वापरायची; पुन्हा गोठवली तर वाया. नवरा तिथलाच संशोधक, पण विसरभोळा, म्हणून तिने प्रत्येक कुपीवर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं, ‘दुसऱ्यांदा वितळवलीस तर भूत होऊन मानगुटीवर बसेन.’ तेव्हा ती धडधाकट होती. ती गेल्यावर त्याने एकोणचाळीस कुप्या शहाण्यासारख्या एकदाच वितळवल्या. आज सकाळी शेवटची वितळवली आणि परत गोठवली. दुपारी डबा खाऊन तीच कुपी मुठीत घट्ट धरली. शेजारची विद्यार्थिनी किंचाळली, “सर, अहो, शेवटची आहे ती!” “म्हणून तर,” तो म्हणाला. कुपीत बर्फाचं पाणी झालं. त्याने एप्रनची कॉलर खाली केली आणि मान वाकवून वाट पाहत बसला.