सहा हिरवे चौकोन

“पुढच्या पंचवीस वर्षांत,” चांदवडकर सर माइकवर म्हणाले, “म्हशीच्या पाठीवर बसलेला बगळासुद्धा आपल्याला वरून मोजता येईल.”

गंगापूर रोडवरच्या हॉटेलातला हॉल हसला. पडद्यावर दोन हजार पन्नासपर्यंतचा तक्ता होता. कोणत्या वर्षी कोणता उपग्रह सोडायचा, कोणता कधी निकामी होणार, त्याच्या जागी कोणता. सरांच्या कार्यालयाला हा आराखडा समितीकडे महिनाअखेरीस पाठवायचा होता, आणि त्याआधी एक दिवस ‘वापरकर्त्यां’चं म्हणणं ऐकून घ्या, असं वरून आलं होतं. म्हणून पहिल्या रांगेत दिंडोरीचे तीन द्राक्ष बागायतदार होते, पीक विम्याचे दोघे होते, आणि पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून एका स्वयंसेवी संस्थेच्या जीपमधून आणलेल्या शकुबाई होत्या. गळ्यातल्या ओळखपत्राची निळी फीत त्यांच्या पदरात सारखी अडकत होती.

“कुणाला काही विचारायचंय?”

शकुबाई उभ्या राहिल्या. माइक त्यांनी घेतला नाही.

“नव्या उपग्रहाला माझं शेत दिसंल का?”

“अगदी स्पष्ट!” सर खूष झाले. “बांध दिसेल. बांधावरची पायवाट दिसेल.”

“मंग मागचं बी दिसंल का? दोन हजार पाच सालचं?”

कुणीतरी हसलं. शकुबाई हसल्या नाहीत. “माझा वनजमिनीचा दावा नामंजूर झाला. सासऱ्यानं कसल्याली जमीन. कागदावर लिवलंय, त्या सालच्या उपग्रहाच्या फोटूत शेती नाय, जंगल हाय. म्हून इचारते.”

“मावशी, आज आपण पुढचं बोलतोय,” सर मऊ आवाजात म्हणाले. “मागचा विषय वेगळा. त्याचं कार्यालयही वेगळं.” मग ते शेजारी टिपणं घेणाऱ्या उज्वलाकडे झुकले. “लिही. आदिवासी शेतकऱ्यांकडून अधिक सुस्पष्ट चित्रांची मागणी.”

उज्वलाने लिहिलं.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा हॉल रिकामा झाला. शकुबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. उज्वला लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली.

“पाड्याचं नाव सांगा, मावशी.”

जुनं चित्र उघडायला वेळ लागला. उघडलं तेव्हा सगळीकडे नुसते चौकोनच दिसले. उज्वला म्हणाली, “तेव्हाच्या उपग्रहाला एवढंच दिसायचं. एक चौकोन म्हणजे तेवीस-चोवीस मीटर लांब, तेवढाच रुंद. त्याला एकच रंग.”

शकुबाईंनी जरा वेळ नुसतं पाहिलं. मग त्यांना नदी सापडली, नदीवरून ओढा, ओढ्याच्या वळणावरून शेत. त्यांनी बोट टेकवलं. “हितं.”

पाऊण एकराचे सहा चौकोन होते. सहाही हिरवे.

“ह्यो हिरवा कशाचा?”

“झाडांचा. शेतात झाडं होती का तुमच्या?”

“होती म्हंजे? हायेत की. मोह हाय, हिरडा हाय, दोन आंबं. सतरा झाडं. सासऱ्यानं एकाला कुऱ्हाड लावू दिली नाय. म्हनायचा, नागली थोडी कमी पिकली तर पिकू दे. आन् दरसाल जंगलाचा गार्ड येऊन सांगायचा, झाडाला हात लावला तर जमीन जाईल.”

उज्वलाने चित्र आणखी थोडं मोठं केलं.

“हे शेजारी कोंडाजीचं.” बोट सरकलं. “त्याचा दावा पास झाला. त्यानं समदी तोडली व्हती, तवाच.”

कोंडाजीचे चौकोन तपकिरी होते. बोडके आणि स्वच्छ. त्यांच्याविषयी कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं.

चौकोनात निम्म्याहून जास्त झाडोरा दिसला तर तो ‘वन’ धरावा, असं एक वाक्य वनजमिनीचे दावे तपासण्याच्या दहा वर्षांपूर्वीच्या मार्गदर्शिकेत होतं. उज्वला तेव्हा कंत्राटावर होती आणि ते वाक्य तिने लिहिलं होतं. कुणी त्याला आक्षेप घेतला नव्हता. आजच्या आराखड्यातही ते जसंच्या तसं उतरलं होतं. हे शकुबाईंना सांगावं असं तिला वाटलं. तिने तोंड उघडलंही.

“आता झाडं तोडू नका, मावशी,” ती एवढंच म्हणाली. “कायदा दोन हजार पाचच्या आधीचं विचारतो. आता तोडून काही उपयोग नाही.”

“मंग कवा तोडाया पायजे व्हती?”

उज्वलाने स्क्रीनचा उजेड उगाच कमी-जास्त केला.

चांदवडकर सर हातात ताट घेऊन दारातून डोकावले. “उज्वला, जेवून घ्या दोघी. तीनला ग्रुप फोटो आहे. मावशींना मधे उभं करू.”

ते गेल्यावर शकुबाईंनी विचारलं, “ह्यो फोटू कवाचा म्हनायचा?”

“बावीस नोव्हेंबर. सकाळचा. उपग्रह आपल्यावरून साडेदहाच्या सुमाराला जातो.”

“नोव्हेंबर. म्हंजे नागलीची कापणी.” शकुबाई स्क्रीनच्या इतक्या जवळ वाकल्या की त्यांचा श्वास काचेवर उमटला. बोट एका चौकोनावरून दुसऱ्यावर गेलं, तिथे थांबलं. “साडेधा म्हंजे न्याहारीची येळ. सासरा, दीर, मी, पोरं. आमी समदी ह्या मोहाच्या सावलीत बसल्यालो व्हतो, ताई.”