निळा लिटमस

लिटमस निळाच राहिला. प्रियदर्शनी मॅडमनी दुसरा कागद घेतला, नवसागराच्या पाण्यात बुडवला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला. हाही निळा. नवसागरात निळा लिटमस लाल होतो, हे मॅडमना झोपेतून उठवून विचारलं तरी त्या सांगतील. पण कागदाला ते कोण सांगणार?

उद्या तिसऱ्या तासाला नववी ब प्रयोगशाळेत येणार होती. तीन वाट्या, तीन पांढरे क्षार: साधं मीठ, नवसागर, धुण्याचा सोडा. वाटीवर नाव नाही. कुठल्या वाटीत काय, ते पोरांनी आपलं आपण शोधायचं. आधी फळ्यावर निरीक्षणं लिहायची आणि मग पोरांनी ती प्रयोगवहीत उतरवायची, हा गगनबावड्याच्या या शाळेतला खाक्या मॅडमना मोडायचा होता. पंधरा दिवस खपून त्यांनी हा प्रयोग बसवला होता. शिवानीनं तर भर वर्गात विचारलं होतं, "म्याडम, खरंच उत्तर सांगणार न्हाय?"

"नाही सांगणार. तुझ्या डोळ्यांना दिसेल तेच लिही," मॅडम छातीठोकपणे म्हणाल्या होत्या.

आता त्यांनी सोड्यावर लिंबू पिळलं. फेस तर दूरच, साधा बुडबुडाही नाही. नवसागर परीक्षानळीत तापवला. पांढरा धूर होऊन उडून जायचा, तर हा फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडत बसला. शेवटी, दारावर लाल अक्षरांत 'करू नये' म्हणून जे लिहिलंय, तेच मॅडमनी केलं. तिन्ही बाटल्यांतला एकेक कण जिभेवर ठेवला.

मीठ. मीठ. आणि मीठ.

"आकाराममामा!"

प्रयोगशाळेचे शिपाई आकाराममामा फडक्याला हात पुसत आले. बाटल्यांकडं बघितलं आणि जराही न दचकता म्हणाले, "व्हय, मीठच हाय. हितल्या पावसात नवसागराला पाणी सुटलं, सोड्याचा दगड झाला. टाकून दिलं. तेवढ्यात तपासणी आली. तवाच्या सरांनी सांगिटलं, बाटल्या रिकाम्या दिसाय नकोत. भरल्या. पर तसंच ठेवत न्हाय हं म्याडम. दर जूनला बदलतो. ताजं असतंय."

ताजं! शी! मॅडमना शिसारी आली. बेसिनपाशी जाऊन त्या थुंकल्या, चूळ भरली, परत थुंकल्या. काय माणसं म्हणायची ही! वर्षानुवर्षं पोरांच्या हातून एकाच मिठाची तीन नावं लिहून घेतली, वर लाल शाईनं बरोबरच्या खुणा केल्या, आणि कुणाला कसली लाज नाही.

"आणि एकाही पोराला कळलं नाही, मामा? एकालाही?"

"कळाय काय, फळ्यावर लिवल्यालं असतंय की." मामांनी काचेचं कपाट उघडून एक पिवळी पडलेली प्रयोगवही काढली. "ही बघा, नमुना म्हणून ठेवल्या. पैकीच्या पैकी हायत. तुमचीच की."

वहीवर त्यांचंच नाव होतं. इयत्ता नववी ब. सोळा वर्षांपूर्वीचं टपोरं, वळणदार अक्षर. 'निरीक्षण: निळा लिटमस लाल झाला.'

"तेव्हाही मीठच होतं?"

"मीठच. मीच भरल्यालं."

मामा बाटल्यांची बुचं लावून निघून गेले. मॅडम वही धरून उभ्या राहिल्या. फळ्यावरून उतरवलं असेल, असं म्हणून वही मिटता आली असती. पण त्यांना तो तास चांगला आठवत होता. हेच खिडकीजवळचं टेबल, चिमट्यात धरलेला ओला कागद. त्यांनी शेजारच्या पोरीला कोपरानं ढोसून तो दाखवलाही होता.

आणि तो लाल झाला होता. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.