शेवटचं कडवं

सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाखाली पितळ नेहमीसारखं पसरलं होतं, बांधाबांधांनी आखलेल्या पिवळ्या शेतासारखं. पण शिशाचे ठिपके आज खसखशीसारखे विखुरलेले नव्हते. त्यांची काळी डबकी साचली होती. कारखान्याच्या तपासणीच्या खोलीत तिने डोळे चोळले, भिंग पुसलं, पुन्हा वाकली. डबकी तिथेच.

शिसं पितळेत विरघळत नाही. एका घरात राहतं, पण चूल वेगळी मांडतं. बारीक होऊन सगळीकडे पसरलं, तर लेथवर पितळ कसं गुमान कापलं जातं. ढवळणं कमी पडलं, की ते जड होऊन भट्टीतल्या मुशीच्या तळाशी जाऊन बसतं, आणि शेवटी ओतलेल्या नळाच्या तोट्या गळतात. अशाच गळक्या तोट्यांची पाटी सकाळी फोरमनने तिच्या टेबलाखाली सरकवली होती. काही बोलला नव्हता. ढवळणारे तिचे बाबा होते.

बाबा घड्याळ बघून ढवळत नसत. अंगाई म्हणत. ती संपली की सळई बाहेर, मग ओतायचं. मुलगी जन्मली तेव्हापासून त्यांनीच ही अंगाई जुळवत आणली होती. दात आला, एक कडवं. पाऊल टाकलं, आणखी एक. पाठीला दप्तर लागलं, आणखी एक. शेवटच्या कडव्यात मुलगी दूरच्या गावाला निघते आणि मागे कुणीतरी दिवा मोठा करून बसतं. कारखान्यात त्यांना सगळे गवई म्हणत. घरी ते चहासुद्धा गुणगुणत ढवळत आणि तो गार करून ठेवत, ही आईची कायमची तक्रार.

दुपारी फोरमन बोललाच. गवयाचं वय झालंय, गाणं विसरायला लागलेत. आजची भट्टी बघू, नाहीतर उद्यापासून फाटकाशी खुर्ची टाकून बसू देत. हे सांगताना त्याने नजर दुसरीकडे ठेवली. भट्टीपासून दूर बसवलं, तर हा माणूस खुर्चीतच विझेल, हे त्यालाही कळत होतं.

तिला दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेतून नोकरीचं बोलावणं आलं होतं. बाबांनीच गल्लीभर सांगितलं होतं, ज्यांना प्रयोगशाळा म्हणजे काय ठाऊक नाही त्यांनाही. अर्धवट भरलेली बॅग पलंगाखाली होती. विसरू लागलेल्या बापाला मागे ठेवून कसं जायचं, या विचारात ती भट्टीपर्यंत आली.

जस्ताचा पांढरा धूर पिंजलेल्या कापसासारखा वर तरंगत होता. त्याच्याखाली सगळं पाण्यात असावं तसं संथ दिसत होतं: मुशीतला नारिंगी उजेड, फोरमनची थबकलेली चप्पल, बाबांचे गोल फिरणारे हात. दात आला. पाऊल पडलं. दप्तर निघालं. सूर कुठे हलला नाही, शब्द कुठे अडला नाही. भट्टीची घरघरसुद्धा त्या चालीवर चालल्यासारखी वाटली.

मग बाबा थांबले. सळई वर आली.

फोरमनने तिच्याकडे बघून हळूच मान हलवली.

ती पुढे झाली. "बाबा, पुढचं आठवत नाही का?"

त्यांनी तोंडावरचा रुमाल खाली ओढला. "विसरलो असतो तर बरं झालं असतं, पोरी. तुझं बोलावणं आल्यापासून तेवढंच आठवतंय. तोंडातून काढवत नाही."

मुशीत लाल लाटा निवत होत्या. शिसं तळाकडे निघालं असणार, हळूहळू, झोपेत उतरावं तसं.

"मग मी नाही जात," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रुमाल पुन्हा वर घेतला आणि सळई आत सोडली.

"ते कडवं तू म्हण," ते म्हणाले. "मी ढवळतो."