पुढच्याने वळायचं नाही

"उजवं. उजवं म्हणतोय ना मी! अगं, उजवा हात कुठला तेही विसरलीस?"

तिने मुकाट्याने उजवीकडे वल्हं मारलं. गेला दीड तास ती पुढच्या सीटवर बसून हेच करत होती. मागची सीट अर्थातच नवऱ्याची. दोघांच्या कयाकमध्ये दिशा मागचा ठरवतो. पुढच्याने फक्त वल्हवायचं, आणि वळून तर मुळीच बघायचं नाही, कारण पुढचा वळला की तोल गेलाच म्हणून समजा. प्रशिक्षकाने सकाळी वाळूवर हे तीनदा बजावलं, तेव्हा नवरा खुशीत म्हणाला होता, "आमच्या घरचाच नियम आहे हा!"

सगळे हसले. तीही हसली. काय करणार?

नवरा मोटार ड्रायव्हिंग शिकवायचा. त्याच्या गाडीत त्याच्या पायाशी वेगळा ब्रेक होता. तिलाही त्याने एकदा शिकवायला घेतलं होतं, पण आठ दिवसांत आपण गाडी चालवतोय असं तिला एकदाही वाटलं नाही. वळण यायच्या आधीच त्याचा ब्रेक लागायचा. शेवटी "तुझ्याच्यानं नाही व्हायचं" म्हणून त्यानेच विषय मिटवला. एकोणीस वर्षांत असे पुष्कळ विषय मिटले होते.

आज मात्र एक विषय तिच्या लाइफ जॅकेटच्या खिशात होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. ती कवळ्या बनवायची. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कार्यशाळेने तिला मुख्य कारागीर म्हणून बोलावल्याचं ते पत्र होतं, आणि उद्या दुपारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. घरी विषय काढला की तो उठून जायचा. समुद्रात उठून कुठे जाईल? एवढ्यासाठी तर ती या सहलीला आली होती.

आता कळत होतं, अडकली ती स्वतःच. दोन्ही बाजूंना कातळ, समोर फुटणाऱ्या लाटा, आणि पाठीमागे तो.

पाच जोड्यांपैकी चार किनाऱ्याला लागल्या होत्या. लागल्या म्हणजे काय, लाटेने आणून टाकल्या होत्या. नणंद आणि तिचा नवरा तर अगदी वाळूपाशी येऊन उलटले, आणि आता तोंडातली रेती थुंकत खिदळत बसले होते. उरली ही दोघं. प्रशिक्षक किनाऱ्यावरून लाटा बघत उभा होता. त्याने वल्हं उभं धरलं की निघायचं.

"अहो," ती समोर बघतच म्हणाली, "मी जायचं ठरवलंय."

"कुठे?"

"माहितीये तुम्हाला."

मागचं वल्हं थांबलं. "एकटी? साधा सिलिंडर बदलायला मला हाक मारतेस तू."

"शिकेन की."

"शिकेन म्हणे! ती समोरची लाट बघ. मी मागे नसलो ना, तर तिथेच उलटी होशील. आणि चालली दुसऱ्या गावाला!"

"तुम्ही फक्त हो म्हणा."

"मी आता एक अक्षर बोलणार नाही. तुझं तू बघ."

झालं. फुगला. त्याचा अबोला तिला नवा नव्हता. घरी चार-चार दिवस चालायचा.

प्रशिक्षकाने वल्हं उभं केलं. तिने वल्हवायला सुरुवात केली.

पहिली लाट तिरकी आली. कयाक एका अंगावर कलली, तिने डोळे गच्च मिटले, नाकातोंडात खारट फेस गेला, कान भरले. डोळे उघडले तर कयाक सरळ होती आणि चांगलीच पळत होती. रागाने जोर लावतोय वाटतं, तिच्या मनात आलं. शेजारून एक पिवळं वल्हं तरंगत गेलं. नणंदेचं असणार, धांदरट कुठली.

दुसऱ्या लाटेत नाक डावीकडे वळायला लागलं. मागून ब्र नाही. तिने उजवीकडे वल्हं रोवून धरलं, हात खांद्यापासून निखळतोय की काय असं झालं, पण नाक जागेवर आलं. मग ते पाण्यात घुसायला लागलं, तशी ती होता होईल तितकी मागे रेलली. तिसऱ्या लाटेने कयाक अलगद उचलली आणि सुतासारखी सरळ नेऊन वाळूवर ठेवली.

क्षणभर तिला ओरडावंसं वाटलं. आयुष्यात इतकं छान तिला कधी काही जमलं नव्हतं.

मग तिचा उत्साह उतरला. जमलं ते तिला कुठे? एक शब्द न बोलता, रागात असूनही, सुखरूप आणलं की नाही त्याने? चारही जोड्या कुठे ना कुठे धडपडल्या होत्या. हिची तेवढी सरळ आली, कारण मागे तो होता. तिथे, त्या शहरात, मागे कोण असणार होतं?

तिने खिशातली पिशवी काढली आणि हातात चुरगळली. डोळे भरून आले.

"तुमचंच खरं," ती न वळताच म्हणाली. "नाही जात मी. उद्या नाही म्हणून कळवते."

उत्तर आलं नाही. इतक्यात येणारच नव्हतं.

वाळूवरून प्रशिक्षक धावत येत होता. शाबासकी द्यायला असेल म्हणून तिने डोळे पुसले आणि कसंनुसं हसली. तो तिच्याकडे न बघताच बाजूने पुढे गेला आणि त्याने थेट पाण्यात उडी घेतली.

आता कयाक वाळूवर होती. वळायला हरकत नव्हती.

मागची सीट रिकामी होती. लांब, पहिल्या लाटेच्याही पलीकडे, जॅकेटच्या आधाराने तरंगणारा तिचा नवरा दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होता, आणि इथपर्यंत त्याचा एक शब्दही पोचत नव्हता.