हद्दीचा दगड

नाथाजीनं कुदळीचा तिसरा घाव घातला आणि खिशातला फोन वाजला. व्हिडिओ कॉलवर सायकलवरून युरोप फिरायला गेलेला त्याचा मुलगा शिवतेज होता.

“आबा, ह्यो दगड बघा! अलीकडं बेल्जियम, पलीकडं हॉलंड. सकाळपासनं तीन देश झालं, कुणी अडवलं न्हाई.”

“तिथं दगड कुणी सरकवत न्हाई?” नाथाजीला धाप लागली होती.

शिवतेज हसला. “कशाला सरकवतील? बरं, काका हायत का शेतात? त्यांनीच सायकल शिकवली मला. त्यांनाबी दावतो.”

नाथाजीनं कुदळ टाकली. धाकट्या भावानं नांगरटीत हातभर सरकवलेला बांधाचा दगड समोर होता. त्यावर त्या भावाचंच फुटलेलं डोकं होतं. नाथाजीनं फोन त्या उघड्या डोळ्यांसमोर धरला.

“दाव,” तो म्हणाला.