फुलवायचा उपाय

सून घरात आली त्याच महिन्यात सासूबाईंनी हौसेने ब्रोमेलियाडचं शोभेचं झाड आणलं होतं, पण काही केल्या त्याला फूल येईना. शेवटी नर्सरीवाल्याने उपाय सांगितला: झाडाजवळ पिकलेलं सफरचंद ठेवा आणि दोघांवर मिळून प्लास्टिकची पारदर्शक पिशवी बांधा, म्हणजे कसं फुलत नाही तेच बघू!

"एकदा फुललं की बुंध्याशी पिल्लं येतात," पिशवीला गाठ मारत सासूबाई म्हणाल्या, आणि सवयीने त्यांची नजर सुनेच्या पोटावर गेली. "मग काय, घर कसं भरून जाईल."

"आणि मोठं झाड?" सुनेने ऑफिसची बॅग खांद्याला लावत विचारलं.

"ते वाळतं हळूहळू. पण तोवर त्याचं काम झालेलं असतं ना!"

सुनेने पिशवीतून आत पाहिलं. पट्ट्यापट्ट्यांची पानं तरतरीत होती, पानांच्या मधोमध झालेल्या वाटीत पाणी काठोकाठ होतं. फुलावाचून त्या झाडाचं काडीइतकंही अडलेलं नव्हतं.

संध्याकाळी सासूबाई फिरून आल्या, तर पिशवी घडी घालून ठेवलेली आणि सून कुंडीशेजारी ऐसपैस बसलेली.

"अगं, सफरचंद कुठे गेलं?"



"खाल्लं मी," झाडाच्या पानांवरून हात फिरवत सून म्हणाली. "हिचं आणि माझं असंच छान चाललंय, आई."