वणेतला काळा मासा

जाळं वर येईना. कवडू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओढत होता, त्याची बायको भागीरथा काठावरून. हिंगणघाट सोडल्यावर वणा नदी जिथं वळते, तिथला हा डोह. दोघांचं सगळं आयुष्य त्यावरच चाललेलं.

“लय जड लागून राह्यलं!” कवडू ओरडला.

रुचिका कॅमेरा सांभाळत पुढं सरकली. वर्धा जिल्ह्यातल्या नद्या-तळ्यांत कोणते मासे आहेत, कुठं आहेत, याची पाहणी ती करत होती. केळझरच्या तळ्यापासून सुरुवात केली होती. हा डोह तिनं मुद्दाम शेवटी ठेवला होता. गाव तिचं, नदी तिची. मरळ, वाम, झिंगे. लहानपणी बाजारातल्या टोपल्यांत पाहिलेलं सगळं इथं सापडणार, याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती.

जाळं काठावर आलं आणि तिच्या हातातला कॅमेरा तसाच राहिला.

आत सगळे एकाच जातीचे मासे होते. काळे, ठिपक्यांचे. अंगावर खवल्यांऐवजी चिलखतासारखी कडक कातडी, तोंड पोटाच्या बाजूला, चकतीसारखं. पाण्याबाहेर काढले तरी तडफडत नव्हते. एकमेकांवर घासून नुसते खरखर वाजत होते.

रुचिका गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी ढीग उपसू लागली. वर काळे, खाली काळे. अगदी तळाशी एक मरळ निघाली. तिचं अंग ओरबाडलेलं होतं. ती मेलेली होती.

“हेच येऊन राह्यले आता,” भागीरथा म्हणाली. जाळ्यातून मासे सोडवताना काटे लागून तिची बोटं रक्ताळली होती. “खाता येत नाई, इकता येत नाई. वरून जाळं फाडते. पोरगा वैतागून कंपनीत गेला कामाले.”

“मावशी, आधी कोणाला सांगितलं का नाही?”

“सांगतलं न. बाजारात सगळ्याइले सांगतलं. हासले.”

रुचिकानं एक मासा चिरून पाहिला. पोट अंड्यांनी गच्च भरलं होतं. म्हणजे हे नुसते वाहत आलेले नव्हते. त्यांनी इथं घर केलं होतं.

“हा मासा आपल्याकडचा नाही, मावशी. पार दक्षिण अमेरिकेतला आहे. लोक काचेच्या पेटीत ठेवतात, शेवाळ खातो म्हणून. कोणी सोडल्याशिवाय नदीत येत नाही.”

भागीरथा उठून उभी राहिली. “कोण सोडला? नाव सांग मले त्याचं. लेकराबाळाइले घेऊन त्याच्या दारात जाऊन बसीन मी.”

“शोधून काढते,” रुचिका म्हणाली. तिनं एक मासा पाणी भरलेल्या बादलीत घातला, वर ओलं गोणपाट टाकलं आणि थेट बाजारातलं दुकान गाठलं.

दुकान तिच्या वडिलांचं होतं. महादेवराव शोभेचे मासे विकत. धंदा माशांचा, पण घरात कधी अंडं शिजलं नव्हतं. गल्ल्याजवळ मुंग्यांची रांग लागली, तर ते साखरेची चिमूट घेऊन तिला बाहेर वळवून नेत. उंदराचा पिंजरा त्यांनी कधी घरात येऊ दिला नाही. आसपासचे सगळे मासेवाले त्यांना ओळखत. कुणाची पेटी रिकामी झाली, कुणी धंदा गुंडाळला, हे त्यांनाच ठाऊक असणार. वाटेत रुचिकाच्या डोक्यात एकेक संशयित येत होता. एखादा हॉटेलवाला. नाहीतर मासे पैदा करणारा एखादा, पुरात टाकी फुटलेला. जो असेल त्याला ती सोडणार नव्हती.

तिनं बादली दुकानाच्या पायरीवर आदळली. “बाबा, हे बघा. हा मासा नदीत कोणी सोडला असेल? आपल्या भागात हा ठेवतं कोण?”

महादेवरावांनी गोणपाट बाजूला केलं. मासा जिवंत होता. त्यांनी दोन्ही हात पाण्यात घालून त्याला अलगद उचललं. त्यांचा चेहरा उजळून निघाला.

“अरे वा! केवढा मोठा झाला हा!”

रुचिका त्यांच्याकडे पाहत राहिली.

“बारका असतो तवा लोकं हौसेनं नेतात,” ते म्हणाले. “वाढला का काचेत मावत नाई. मंग परत आणून देतात, म्हणतात, फेकून द्या. आता जित्ता जीव फेकवते का आपल्याच्यानं? तू नागपूरले शिकाले गेली, तवापासून दर एकादशीले घाटावर जातो मी. एकेकाले हातानं पाण्यात सोडतो. कोणाले सांगतलं नाई. पुण्य बोलून दाखवू नाई, बेटा.”

रस्त्यावरून ऑटो जात होते. समोरचा कापडवाला गिऱ्हाइकापुढे थान उलगडत होता. रुचिका पायरीवर बसली. तिच्या कपड्यांना डोहाचा वास येत होता. नखांत अजून चिरलेल्या माशाची अंडी अडकलेली होती.

तिचा चेहरा पाहून महादेवराव घाबरले. त्यांनी मासा हळूच पाण्यात ठेवला.

“काऊन अशी पाहून राह्यली? काय झालं? नदीत मेले का बाकीचे?”

तिनं बादलीवर गोणपाट पुन्हा ओढलं.

“नाही, बाबा,” ती म्हणाली. “तेवढेच जगले.”